बदली माणूस पाठवण्याचा हक्क

मी पुण्यात बसून परदेशी कंपन्यांसाठी फ्रीलान्स सॉफ्टवेअर लिहिते. लंडनच्या एका कंपनीनं पाठवलेल्या करारात दोन विचित्र अटी होत्या. पहिली अशी, की मला जमलं नाही तर माझ्या जागी दुसरा लायक माणूस पाठवण्याचा मला हक्क आहे. चार मुलाखती घेऊन मला निवडणारी कंपनी असं का म्हणेल? दुसरी अशी, की उद्या कुठल्याही कर खात्यानं मला कंपनीची कर्मचारी ठरवलं, तर त्यापायी कंपनीवर येणारा कर, व्याज आणि दंड मी भरून द्यायचा. रकमेला मर्यादा नाही. म्हणजे माझ्या वर्षभराच्या कमाईपेक्षा मोठं बिल माझ्या नावावर निघू शकत होतं.

अशा अटी कुणा वकिलाच्या लहरीतून येत नाहीत. त्यांच्यामागे जुनी भांडणं असतात. पहिल्या अटीचा माग काढत गेले, तर वाट काँक्रीटच्या ट्रकपाशी पोचली.

१९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये रेडी मिक्स्ड काँक्रीट नावाची कंपनी ड्रायव्हरांना ट्रक हप्त्यानं घ्यायला लावायची. ट्रकला रंग कंपनीचा, अंगावर गणवेश कंपनीचा. पण कागदोपत्री ड्रायव्हर स्वतंत्र व्यावसायिक. सरकार म्हणालं, हा नोकरच आहे, त्याच्यासाठी राष्ट्रीय विम्याचे पैसे भरा. न्यायमूर्ती मॅकेन्ना यांनी निकाल कंपनीच्या बाजूनं दिला. ट्रक ड्रायव्हरचा होता, नफ्यातोट्याची जोखीम त्याची होती आणि तो स्वतःऐवजी दुसरा ड्रायव्हर ठेवू शकत होता. नोकराला असं करता येत नाही. १९६८च्या निकालसंग्रहात छापला गेलेला हा खटला ब्रिटनमध्ये आजही सांगितला जातो, आणि करार लिहिणाऱ्यांनी त्यातून एक युक्ती उचलली : बदली माणसाची अट घाला, नातं ‘स्वतंत्र’ दिसेल.

पुढे ही युक्ती आयटीवाल्यांच्या कामी आली. नोकरी सोडायची, एका माणसाची कंपनी काढायची आणि त्याच ऑफिसात ‘सल्लागार’ म्हणून परत यायचं. पगाराऐवजी लाभांश घेतला की राष्ट्रीय विम्याचा बराच पैसा वाचायचा. ९ मार्च १९९९ च्या अर्थसंकल्पासोबत ब्रिटिश कर खात्यानं हे बंद करायचं जाहीर केलं. त्या पत्रकाचा क्रमांक होता आयआर३५, आणि एप्रिल २००० पासून लागू झालेल्या नियमांना तेच नाव चिकटलं.

सुरुवातीला आपण नोकर आहोत की नाही हे त्या माणसाच्या छोट्या कंपनीनंच ठरवायचं होतं. २०१७ मध्ये सरकारी क्षेत्रात आणि २०२१ मध्ये मोठ्या व मध्यम खासगी कंपन्यांत हा निर्णय काम देणाऱ्याकडे गेला. चुकलं तर बिलही त्याच्याकडे येणार. आणि बिल आपल्याकडे येणार म्हटलं की कंपनी ते करारातून खाली सरकवू बघते. माझी दुसरी अट या भीतीतून आली होती.

अमेरिकेत हीच भीती आधी येऊन गेली होती. १९७८च्या एका तरतुदीनं तिथल्या कंपन्यांना बरंच संरक्षण होतं : रास्त आधारावर कुणाला कंत्राटी मानलं असेल, तर कर खातं मागचा वसूल करणार नाही. १९८६च्या कर सुधारणा कायद्याच्या कलम १७०६ नं एजन्सीमार्फत काम करणाऱ्या अभियंते, प्रोग्रॅमर आणि सिस्टिम अ‍ॅनालिस्ट यांच्याबाबतीत हे संरक्षण काढून घेतलं. प्रोग्रॅमरचं नाव थेट कायद्यात आलं.

त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टमध्ये अनेक फ्रीलान्सर होते. आपला कर आपणच भरू, असं त्यांनी लिहून दिलं होतं. त्यांच्या ओळखपत्राचा रंग वेगळा, ईमेल पत्ताही वेगळ्या धाटणीचा. पण टीम तीच, साहेब तोच, कामाच्या वेळाही त्याच. कर खात्यानं तपासणी करून त्यांना कर्मचारी ठरवलं आणि कंपनीनं थकलेला कर भरला. मग १९९२ मध्ये काही जण कोर्टात गेले : आम्ही कर्मचारी, तर शेअर योजनेचा लाभही द्या. त्यांनी सही केलेला कागद कंपनीला वाचवू शकला नाही. २००० साली सुमारे ९ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली.

हा इतिहास वाटाघाटीत उपयोगी पडतो. मी त्या कंपनीला विचारलं, उद्या मी खरंच दुसरा माणूस पाठवला तर घ्याल का? उत्तर आलं, नाही. मग ती अट काढायला सांगितली. जी पाळायचीच नाही, ती अट कुणाचंच रक्षण करत नाही. भरपाईच्या अटीत आम्ही रेघ ओढली : माझा भारतातला प्राप्तिकर आणि जीएसटी ही माझी जबाबदारी, कंपनीवर बसणारा कर कंपनीचा. उरलेल्या भरपाईला वर्षभराच्या फीची मर्यादा घातली, आणि नोटीस आली तर ती मला आधी कळवायची असं लिहून घेतलं. तुमच्या करारात ‘कर, व्याज व दंड’ हे शब्द एकत्र दिसले, तर कुणावरचा कर, हे आधी विचारा.

हा वाद साहेबाच्या देशातला वाटेल, पण आपल्याकडेही तो जुना आहे. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यानं पगारावरची कपात कलम १९२ मध्ये ठेवली. व्यावसायिक फीसाठी १९९५ मध्ये १९४जे आलं. नातं कोणतं, यावर कपात ठरते. आणि नातं कसं ओळखायचं, हा प्रश्न कामगार कायद्यात त्याच्या कितीतरी आधी नागपुरात उभा राहिला होता. तिथल्या विडी कारखान्यातले कामगार हवं तेव्हा यायचे, हवं तेव्हा जायचे, मजुरी विड्यांच्या नगावर. त्यांनी रजेचा पगार मागितला तेव्हा मालक म्हणाला, हे माझे कामगार नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत. बिरधीचंद शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. काम कारखान्यातच करायचं होतं, दुपारनंतर येणाऱ्याला काम मिळत नव्हतं, आणि विडी मनासारखी नसेल तर ती नाकारायचा हक्क मालकाचा होता. एवढा ताबा न्यायालयाला पुरेसा वाटला.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यालाही तोच प्रश्न लागू पडतो. तुमच्या वेळा कोण ठरवतं, काम कसं करायचं हे कोण सांगतं, नुकसान झालं तर कुणाचं होतं? करारावर सही करण्याआधी याची खरी उत्तरं एका कागदावर लिहून काढा. करारातली भाषा त्या कागदाशी जुळत नसेल, तर ती दुरुस्त करून घ्यायची वेळ सहीच्या आधीची आहे.