चित्राच्या कोपऱ्यातलं नाव

जर्मनीतल्या न्युरेंबर्ग शहराच्या नगर परिषदेपुढं १५१२ सालच्या जानेवारीत एक तक्रार आली. नगरभवनाच्या खाली बसून कुणी परका माणूस छापील चित्रं विकत होता. चित्रांवर खूण होती ती त्याच शहरातल्या आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराची. मोठा ए आणि त्याच्या दोन पायांमध्ये बसवलेला छोटा डी. चित्रं मात्र ड्यूररच्या ठशांवरून निघालेली नव्हती, दुसऱ्या कुणीतरी नक्कल करून छापलेली होती. परिषदेनं हुकूम काढला: या माणसानं सगळ्या खुणा काढून टाकाव्यात, नाहीतर माल बनावट म्हणून जप्त होईल. हुकमाचा रोख चित्रावर नव्हता, खुणेवर होता.

ड्यूररच्या दृष्टीनं ही अर्धीच दाद. लाकडावर कोरलेल्या एका ठशातून शेकडो प्रती निघायच्या आणि त्यांच्यावर त्याचं घर चालायचं. तो १५०५ ते १५०७ या काळात व्हेनिसमध्ये होता, तेव्हा त्याची आई न्युरेंबर्गला आणि बायको फ्रँकफर्टच्या जत्रेत ही चित्रं विकत होत्या. आणि व्हेनिसमध्ये काय चाललं होतं? मार्कान्तोनिओ रायमोंदी नावाचा इटालियन कोरक ड्यूररचीच चित्रं तांब्याच्या पत्र्यावर हुबेहूब उतरवत होता. ड्यूररनं तिथल्या सरकारकडे फिर्याद केली आणि रायमोंदीनं खूण वापरू नये एवढाच निकाल मिळाला, असं वसारीनं कलावंतांच्या चरित्रांत लिहून ठेवलं आहे. वसारीवर किती विसंबायचं याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण रायमोंदीच्या नकला आजही संग्रहालयांत आहेत. कुमारी मरियमच्या (आम्ही ज्यांना बीबी मरियम म्हणतो त्यांच्या) चरित्रावरच्या चित्रमालेची त्यानं जी नक्कल केली, तिच्यावर ड्यूररची खूण चक्क कोरलेली आहे. १५११ मध्ये ड्यूररनं ही माला पुस्तकरूपानं काढली तेव्हा शेवटच्या पानावर दुसऱ्याच्या कष्टांवर डल्ला मारणाऱ्यांना सज्जड दम भरला आणि सम्राट मॅक्सिमिलियनच्या सनदेचा हवाला दिला. तरी पुढच्याच वर्षी नगरभवनाखाली ते दुकान लागलं होतं!

सव्वादोनशे वर्षांनी लंडनमध्ये विल्यम होगार्थवर हीच पाळी आली. गावाकडून आलेली एक मुलगी शहरात कशी वेश्याव्यवसायात ढकलली जाते, ते सांगणारी सहा चित्रांची माला त्यानं १७३२ मध्ये काढली. आगाऊ वर्गणी एक गिनी. माला तुफान चालली आणि लगोलग तिच्या स्वस्त नकलाही बाजारात आल्या. होगार्थ गप्प बसणारा माणूस नव्हता. इतर कलावंतांना बरोबर घेऊन त्यानं पार्लमेंटकडे अर्ज केला आणि कायदा करून घेतला. २५ जून १७३५ पासून कोरीव चित्रकाराला पहिल्या प्रकाशनापासून चौदा वर्षांचा हक्क मिळाला. नकलेच्या प्रत्येक प्रतीमागं पाच शिलिंग दंड. कायदा लागू होईपर्यंत त्यानं आपली पुढची माला, एका उधळ्या तरुणाची आठ चित्रं, रोखून धरली.

नक्कल करणारे त्याहून तयार. त्यांनी माणसं पाठवून ती चित्रं पाहून घेतली आणि आठवणीवरून काढलेली माला कायद्याच्या तारखेआधीच बाजारात आणली. डोळ्यांनी चोरी करणारांना कुठलं कुलूप लावणार? होगार्थनं मग स्वतःच एका प्रकाशकाकडून आपल्या मालेची लहान आकाराची, अडीच शिलिंगची आवृत्ती काढवली. चोराच्या आधी आपणच स्वस्त विकावं, हा हिशेब मला कायद्यापेक्षाही शहाणपणाचा वाटतो.

पण या कायद्यातली एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हक्क हवा असेल तर प्रत्येक पत्र्यावर आणि प्रत्येक प्रतीवर मालकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख हवी. म्हणजे फिरून गोष्ट नावापाशीच आली.

मी कवी आहे, त्यामुळं यात मला नवल वाटत नाही. आमच्या धंद्यात ही युक्ती फार जुनी. गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायर आपलं तखल्लुस गुंफतो. अभंगाच्या अखेरीस संत आपली नाममुद्रा ठेवतात. नामदेवांनी ठेवली, तुकोबांनी ठेवली, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ठेवली. छापखाना नव्हता, कविता तोंडातोंडी फिरायची, वहीतून वहीत उतरायची. उतरवायला कुणाची मनाई नव्हती, उलट ती उतरावी हीच इच्छा. नाव तेवढं ओळीच्या वजनात असं बसवलेलं की उपटलं तर ओळ लंगडी व्हावी. दुसऱ्याचं नाव घुसवणारे निघालेच, पण त्यांना निदान थोडी मेहनत करावी लागली.

याच ड्यूररचं एक चित्र मोगल चित्रशाळेपर्यंत येऊन पोचलं होतं. हेरातहून आलेल्या आका रिझाचा मुलगा अबुल हसन. त्यानं १६०० साली, ड्यूररच्या १५११ मधल्या एका कोरीव चित्रातली सेंट जॉनची आकृती कागदावर उतरवली. क्रुसाजवळ शोकानं उभा असलेला सेंट जॉन. ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात ते रेखाटन आहे. पोरानं त्यावर लिहिलं काय? आपलं नाव, बापाचं नाव, तारीख आणि आपण तेराव्या वर्षात आहोत, एवढं. ड्यूररची खूण त्यानं घेतली नाही. नक्कल हाच तिथं शिक्षणाचा रस्ता होता, आणि हात कुणाचा हे सांगणं हा प्रामाणिकपणा. याच मुलाला पुढं जहांगीरनं ‘नादिर-उझ्-झमान’ हा किताब दिला. एका चित्रात अनेकांनी काम केलं असलं तरी कुठला चेहरा कुणाच्या हातचा ते आपण ओळखतो, अशी फुशारकी जहांगीरनं आत्मचरित्रात मारली आहे. असा रसिक असला की सहीची गरज नाही. पण तो सगळ्यांच्या नशिबी कुठला?

आपल्याकडे राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती भिंतीभिंतीवर गेल्या. पुढं छापखाना मळवलीला हलला, विकला गेला, आणि त्या देवता कॅलेंडरांवर, काड्यापेट्यांवर, मालाच्या लेबलांवर पोचल्या. रविवर्मा १९०६ मध्ये वारला. त्याच्या चित्रांवरचे हक्क केव्हाच संपले आहेत.

जिवंत चित्रकाराचं काय? माझा एक चित्रकार मित्र आहे. त्यानं हौसेनं आपली चित्रं वेबसाइटवर चढवली. वर्षभरात त्यातलं एक लग्नपत्रिकेवर छापलेलं त्याच्याच हाती आलं. कोपऱ्यातली सही बेतानं कापलेली होती. पैशांचं तो फारसं बोलला नाही. सही कापताना त्यांना माहीत होतं ना, असं मात्र दोनदा म्हणाला.

वेबसाइटवर चित्र ‘नुसतं दाखवणं’ असं काही नसतं. पडद्यावर चित्र दिसतं तेव्हा त्याची प्रत पाहणाराच्या यंत्रात आधीच उतरलेली असते. माउसचं उजवं बटण बंद करा, पडद्याचाच फोटो निघतो. म्हणून लोक लहान आकाराचं चित्र ठेवतात. ते पडद्यावर बरं दिसतं, छापायला गेलं की फाटतं. काही जण चित्रभर पुसट नाव उमटवतात, म्हणजे वॉटरमार्क. शब्द जुना आहे. इटलीतल्या फाब्रिआनोचे कागदवाले तेराव्या शतकातच कागदात आपली खूण उतरवत होते. पण गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की एकच खूण शेकडो चित्रांवर तंतोतंत तशीच असेल तर संगणक ती हुडकून साफ पुसू शकतो. उपायही त्यांनीच सांगितला: प्रत्येक चित्रावर खूण किंचित वेडीवाकडी करावी. वाचून मला हसू आलं. प्रत्येक गझलेत तखल्लुस नव्या जागी, नव्या अर्थानं बसवणाऱ्या शायरांना हे कुणी शिकवलं होतं?

आपला कायदा या बाबतीत बरा आहे. १९५७ च्या कायद्यानं नोंदणी न करताही हक्क मिळतो, हयातभर आणि नंतर साठ वर्षं. चित्र विकलं, हक्क विकले, तरी ‘हे माझं’ म्हणण्याचा अधिकार कलम ५७ नं चित्रकाराकडेच ठेवला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं, चित्राबरोबर जोडलेली मालकीची माहिती जाणूनबुजून काढून टाकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड ठेवला. न्युरेंबर्गनं खोटी खूण काढायला लावली होती, आपण खरी खूण काढणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं.

मात्र २०२२ मध्ये गाडी उलटीच फिरली. शब्द लिहिले की चित्र काढून देणारी यंत्रं आली. ग्रेग रुत्कोव्स्की हा पोलंडचा चित्रकार, ड्रॅगन आणि लढायांची भव्य चित्रं काढणारा. लोक यंत्राला सांगताना त्याचं नाव लिहू लागले, हजारो वेळा, कारण ते लिहिलं की तसंच चित्र मिळायचं. त्याचं नाव शोधलं की त्यानं न काढलेली चित्रंही समोर यायला लागली. शैलीवर कुणाचा हक्क नसतो, असं कायदा पूर्वीपासून मानत आला आहे, आणि एरवी ते योग्यच आहे. नाहीतर अबुल हसननं शिकायचं कसं? पण इथं शिकणारा पोरगा नव्हता, आणि नाव हे कुलूप न राहता किल्ली झालं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ‘ग्लेझ’ नावाची युक्ती काढली. चित्रात डोळ्यांना जेमतेम जाणवतील असे बदल करून यंत्राला शैलीबाबत चकवायचं. ती कायम टिकेल असा दावा खुद्द त्यांनीही केलेला नाही.

माझ्या मित्रानं वेबसाइट बंद केलेली नाही. चित्रं लहान ठेवतो. सही मात्र आता कोपऱ्यात करत नाही. कधी लुगड्याच्या काठात, कधी झाडाच्या सालीत, कधी भिंतीच्या भेगेत ती असते. ती शोधायला मला मागच्या खेपेला चांगली दहा मिनिटं लागली.