मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पुरस्कार

मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पुरस्कार हे माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपट यांसाठी दर दोन वर्षांनी मुंबईत भरणाऱ्या महोत्सवात दिले जाणारे पुरस्कार आहेत. १९९० साली सुरू झालेला हा महोत्सव केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाचा उपक्रम आहे. त्याचे आयोजन दीर्घकाळ फिल्म्स डिव्हिजनने (स्थापना १९४८) केले. ती संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्यावर हे काम महामंडळाकडे आले. सर्वोच्च पुरस्कारास ‘सुवर्ण शंख’ व त्याखालोखालच्या पुरस्कारास ‘रौप्य शंख’ म्हणतात.

स्वरूप

चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचे वृत्तपट दाखवणे अनेक दशके सक्तीचे होते. त्यामुळे माहितीपट म्हणजे सरकारी निवेदन, अशीच बहुसंख्य भारतीय प्रेक्षकांची समजूत होती. या महोत्सवाने परदेशी आणि स्वतंत्र भारतीय माहितीपट एकाच पडद्यावर आणले, हे त्याचे खरे महत्त्व. आंतरराष्ट्रीय व राष्ट्रीय अशा दोन स्पर्धा असून परीक्षक मंडळांवर परदेशी चित्रकर्मीही असतात. २०२२ मध्ये सुवर्ण शंखाची रक्कम १० लाख रुपये होती.

माहितीपटाच्या क्षेत्रातील आयुष्यभराच्या कार्यासाठी दिला जाणारा जीवनगौरव पुरस्कार व्ही. शांताराम यांच्या नावे आहे. ‘प्रभात’ आणि ‘राजकमल’च्या या दिग्दर्शकाने फिल्म्स डिव्हिजनचे मानद प्रमुख निर्माते म्हणूनही काम केले होते, हे अनेकांना ठाऊक नसते. २०१८ मध्ये श्याम बेनेगल आणि २०२२ मध्ये चित्रपट-अभ्यासक संजित नार्वेकर हे या पुरस्काराचे मानकरी ठरले.

‘जंग और अमन’

२००२ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक आनंद पटवर्धन यांच्या ‘जंग और अमन’ला मिळाले. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका येथे चित्रित झालेला हा माहितीपट युद्धज्वराच्या काळात सीमेपलीकडील सामान्य माणसांचे म्हणणे ऐकवतो. सरकारी महोत्सवाने गौरवलेल्या या माहितीपटाला सार्वजनिक प्रदर्शनाचे प्रमाणपत्र देताना मात्र चित्रपट प्रमाणन मंडळाने अनेक काटछाटी सुचवल्या. पटवर्धन न्यायालयात गेले. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माहितीपट कोणत्याही काटछाटीविना दाखवण्यास मुभा दिली.

२००४ चा वाद आणि ‘विकल्प’

२००४ च्या महोत्सवासाठी भारतीय प्रवेशिकांना प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक करण्यात आले. परदेशी प्रवेशिकांना ही अट नव्हती. म्हणजे परदेशी दिग्दर्शकाला जे मुंबईत विनाप्रमाणपत्र दाखवता येत होते, ते मुंबईतल्याच दिग्दर्शकाला येत नव्हते. देशभरातील माहितीपटकारांनी संघटितपणे विरोध केल्यावर अट मागे घेतली गेली. मात्र त्यानंतर झालेल्या निवडीत राजकीय व सामाजिक संघर्षांवरील अनेक माहितीपट वगळले गेले. गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारावरील राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्यूशन’ हा त्यांपैकी एक. त्याच वर्षी बर्लिन महोत्सवात तो गौरवला गेला.

वगळलेल्या माहितीपटांसाठी फेब्रुवारी २००४ मध्ये प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरला. काही दिग्दर्शकांनी मुख्य महोत्सवासाठी निवडलेले आपले माहितीपट मागे घेऊन येथे दाखवले. ‘विकल्प’ला पुरस्कार नव्हते. परंतु त्यातून उभे राहिलेले माहितीपटकारांचे जाळे पुढेही टिकले आणि लहान सभागृहांत, महाविद्यालयांत प्रदर्शन व चर्चा होत राहिल्या.

नंतरचे मानकरी

पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ला २०१२ मध्ये याच महोत्सवात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेला पोलीस गोळीबार आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेली आत्महत्या येथून हा माहितीपट सुरू होतो. सुमारे १४ वर्षे चाललेल्या चित्रीकरणात आंबेडकरी शाहिरी आणि जलसे यांची मोठी नोंद झाली आहे. दोन संस्कृतींमधील संवादासाठी देशाची सीमा ओलांडावी लागतेच असे नाही, हे यातील वस्त्यांच्या चित्रणावरून दिसते.

२०२२ मध्ये सुवर्ण शंख नेदरलँड्सच्या ‘टर्न युवर बॉडी टू द सन’ला मिळाला. आलिओना व्हान डेर होर्स्ट दिग्दर्शित या माहितीपटात दुसऱ्या महायुद्धातील एका सोव्हिएत युद्धकैद्याच्या आयुष्याचा शोध त्याची मुलगी घेते. २०२४ मध्ये तो कोलकात्याजवळच्या ताग गिरण्यांतील कामगारांवरील निष्ठा जैन यांच्या ‘द गोल्डन थ्रेड’ला देण्यात आला. त्या वर्षी मुंबईबाहेर दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि पुणे येथेही प्रदर्शने झाली. त्यामुळे पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील प्रेक्षकांना माहितीपटांचा हा महोत्सव जवळ आला.