वाफेचें दार आणि माणसाचा हात

प्रवरेकांठच्या जुन्या गुऱ्हाळांत काहिलीखालचा जाळ किती ठेवावा, हें सर्वस्वी गुळव्याच्या नजरेवर अवलंबून असे. त्याची नजर चुकली, तर फार तर एक काहील करपे. पुढें १९१९ सालीं बेलापूर कंपनी स्थापन होऊन हरिगांवास तिचा कारखाना निघाला. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. आणि १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगानें लोणीजवळ सहकारी कारखान्याचें गाळप सुरू झालें. अहमदनगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर, जिल्हा असा साखरेचा जिल्हा बनला. काहिलीची जागा बॉयलरनें घेतली आणि चुकीचें मोलही बदललें. कोंडलेल्या वाफेपुढें चूक झाली, तर माणसांचे प्राण जातात.

या वाफेस वेळींच वाट मिळावी म्हणून सतराव्या शतकांत देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें वजन टांगलेल्या दांड्याची झडप योजिली. तीच आजच्या सेफ्टी व्हॉल्व्हची पूर्वज होय. दाब मर्यादेपलीकडे गेला कीं झडप आपोआप उघडे. परंतु त्या दांड्यावर आणखी वजन ठेवण्यास किंवा तो बांधून टाकण्यास माणसाचा हात मोकळाच होता. १८३१ सालीं अमेरिकेंत ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्स्टन’ नांवाच्या एंजिनावरील आगवाल्यानें वाफेचा फूत्कार नकोसा होऊन झडप दाबून धरली, असें सांगतात. बॉयलर फुटला व तो प्राणास मुकला. पुढें १८५५ च्या सुमारास जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज एंजिनियरानें एकाच दांड्याखालीं दोन झडपा बसवून मध्यें स्प्रिंग ताणली. दांड्याचें एक टोक कोणीं दाबलें, तर दुसऱ्या टोकाची झडप उघडे आणि वाफ निसटे.

आपल्या देशांत १९२३ च्या बॉयलर कायद्यानें सेफ्टी व्हॉल्व्ह निकामी करणें हा अपराध ठरविला. १९४८ च्या कारखाने कायद्यानेंही सुरक्षिततेच्या साधनांत कामगारानें जाणूनबुजून ढवळाढवळ करूं नये, असें बजाविलें. परंतु कायद्याचा बडगा बहुधा अपराध घडल्यावर उगारला जातो. रॅम्सबॉटमच्या रचनेंत त्या अपराधापासून कांहीं लाभच उरत नसे.

१९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेंत डिक मॉर्ली व त्यांचे सहकारी यांनीं प्रोग्रॅमेबल कंट्रोलर तयार केला. आज साखर कारखान्यांतूनही असे कंट्रोलर मोटारींस व झडपांस हुकूम सोडतात. नवें यंत्र जोडतांना तपासणीसाठीं एखादा हुकूम हातानें द्यावा लागतो. त्यास ‘फोर्स करणें’ म्हणतात. ही सोय आवश्यक आहे, पण धोकाही तिच्यांतच आहे. बॉयलरमधील पाणी उतरतांच भट्टींत चिपाडें टाकणारें यंत्र थांबावें, अशी योजना असते. तें यंत्र फोर्स करून चालू ठेविलें, तर पाणी आटलें तरी जाळ चालूच राहतो. दोरीनें बांधलेला दांडा येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसे. हा हुकूम मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. पाळी बदलते, फोर्स करणारा घरीं जातो, आणि नव्या पाळीचा कामगार यंत्रावर विश्वासून उभा राहतो.

म्हणून जाणते एंजिनियर चार बंधनें घालतात. फोर्सची किल्ली एका जबाबदार माणसापाशीं असावी. फोर्स चालू असेतों दिवा पेटता रहावा. कोणीं, कां व किती वेळ फोर्स केलें, तें वहींत लिहून पाळी सोंपवितांना सांगावें. आणि आणीबाणींत यंत्र थांबविणारें बटन कंट्रोलरवर विसंबून न ठेवतां त्याची तार स्वतंत्र असावी. सुरक्षेसाठींच घडविलेले कांहीं कंट्रोलर तर कुलूपबंद केल्यावर फोर्सचा हुकूम स्वीकारीतच नाहींत. रॅम्सबॉटमचाच हा धडा.

गळीत हंगामांत उसाच्या गाड्यांची रांग दाराशीं लागलेली असते आणि थांबलेला प्रत्येक क्षण डोळ्यांत खुपतो. हात फोर्सकडे वळतो तो अशाच वेळीं. त्या हातास वाईट म्हणून भागणार नाहीं. त्याला अडविणारी रचना हंगामापूर्वीं, शांतपणें करून ठेवावी लागते.