रंगाचा छुपा वारसा

पाळीव प्राण्यांचा इतिहास बहुधा उपयोगाचा असतो: दूध, लोकर, राखण. अमेरिकेच्या आग्नेय भागातील ‘कॉर्न स्नेक’ या बिनविषारी सापाच्या पैदाशीचा इतिहास मात्र मुख्यतः नजरेच्या हौसेचा आहे. १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात काळे रंगद्रव्य नसलेला एक नर सापडला. जॉर्जियातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. बर्नार्ड बेक्टेल यांनी नेहमीच्या रंगाच्या मादीशी त्याचे मीलन घडवले. पहिली पिढी सर्वस्वी साधारण निघाली. त्या भावंडांपासून १९६१ मध्ये तांबडी-नारिंगी पिल्ले जन्मली. गुण अप्रभावी होता. नाहीसा नव्हे, झाकलेला. १९६२ मध्ये ‘कोपिया’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे लाल रंगाचा अभाव असलेल्या सापांशी संकर होऊन, नातवंडांत सरासरी सोळांत एक या प्रमाणात, पांढुरके ‘स्नो’ साप मिळू लागले. काळ्या रंगाच्या अभावाचा संबंध ‘ओसीए२’ जनुकात घुसलेल्या डीएनएच्या तुकड्याशी असल्याचे २०१५ मध्ये दिसून आले.

रानात असा रंग शिकाऱ्याच्या नजरेत भरतो. पिंजऱ्यात तोच जपला जातो. नावे मिळतात ती अशा रंगांना. ज्या साध्या दिसणाऱ्या पिढीने हा वारसा पुढे नेला, ती मात्र वंशावळीत निनावीच राहते.