आरोपातलं रोप

परवा पेपर वाचताना नातीनं विचारलं, "आबा, आरोपी म्हणजे चोरच ना?" मी "नाही" म्हणालो खरा, पण का नाही ते नीट सांगता येईना. मग शब्दांच्या मागे लागलो.

आपल्याकडे सुरुवात होते फिर्यादीनं. हा शब्द फारसी 'फर्याद'वरून आला. तिथे त्याचा अर्थ आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. अदालत, वकील हे शब्दही त्याच वाटेनं मराठीत आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी फिर्याद आपली टिकून राहिली.

संस्कृतात याला अभियोग म्हणतात. याज्ञवल्क्यस्मृतीत खटल्याचे चार पाय सांगितलेत: वादीचं म्हणणं, प्रतिवादीचं उत्तर, पुरावा आणि निर्णय. म्हणजे आरोप हा फक्त पहिला पाय!

आणि 'आरोप'? मूळ धातू 'रुह्', म्हणजे उगवणे, चढणे. त्यावरून आरोप म्हणजे वर चढवणं, ठेवणं. वृक्षारोपण आणि भाताचं रोप त्याच घरातले. इंग्रजी 'चार्ज'ही मुळात गाडीवर ओझं लादणं. दोन्ही भाषा एकच सांगतात, आरोप बाहेरून ठेवलेला असतो. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, पण क्रम तोच आहे. पोलीस आरोपपत्र दाखल करतात, न्यायालय आरोप निश्चित करतं, आरोपीला वाचून दाखवतं आणि गुन्हा कबूल आहे का विचारतं. तो नाही म्हणाला की साक्षीपुरावे सुरू होतात.

हे सगळं नातीला सांगितलं. एक मात्र सांगायचं राहिलं.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सातवीच्या वर्गात एकाची कंपासपेटी हरवली. मी शेजारच्या मुलाला उभं केलं, सगळ्यांसमोर दप्तर झाडायला लावलं. काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी पेटी ज्याची होती त्याच्या घरीच सापडली. मी त्या मुलाला व्हरांड्यात बोलावून "झालं गेलं विसर" म्हणालो. वर्गात काहीच बोललो नाही. वर्षभर पोरं त्याला 'पेटीचोर' म्हणत होती.

ना त्याचं उत्तर ऐकलं, ना पुरावा पाहिला. पहिल्या पायावरच निकाल दिला. आणि लावलं वर्गासमोर ते उपटायला गेलो व्हरांड्यात.

नात हा ब्लॉग वाचते. म्हणून इथे लिहून ठेवलं.