डोंगरातलं गाणं आणि फिरती झोळी

आज आपण अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांत जाऊ. तिथल्या वाद्यमेळातच त्या मुलखाचा इतिहास आहे. फिडल आणलं ते ब्रिटन-आयर्लंडकडून आलेल्या वसाहतकऱ्यांनी. बँजोचं मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांकडे जातं. गिटार मात्र बरीच उशिरा घरोघरी पोचली. गाणं व्हायचं ओसरीवर नाहीतर एकखोली शाळेत. शाळेला पैसे हवे असले की ‘पाय सपर’ ठरे. बायका घरून पाय करून आणत, त्यांचा लिलाव होई, गावचेच लोक वाजवत. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यायचं.

पण देणाऱ्याचाच खिसा रिकामा असेल तर? १९३१ साली केंटकीच्या हार्लन आणि बेल या कोळशाच्या परगण्यांत नेमकं हेच झालं. मंदीत खाणमालकांनी मजुरी आणखी कापली. खोली कंपनीची, दुकान कंपनीचं, आणि मजुरीही बरेचदा कंपनीच्याच बिल्ल्यांत. ते बाहेर पुऱ्या किमतीला चालत नसत. युनियनमध्ये गेलेल्यांचं काम तर गेलंच, घरही गेलं. अशा गावात झोळी फिरवून तिच्यात पडणार काय?

नोव्हेंबरात कादंबरीकार थिओडोर ड्रायझर चौकशीसाठी तिथे आले. त्यांच्यासमोर गायली एक सुईण : आंट मॉली जॅक्सन. आपण तिला मॉलीमावशी म्हणू. वळण डोंगरातल्या जुन्या गाण्यांचं, शब्द उपाशी पोरांचे. लवकरच ती न्यू यॉर्कला गेली आणि सभांमधून गाऊन संपकऱ्यांसाठी मदत मागू लागली. झोळी आता डोंगर उतरून शहरात आली होती.

इथे आपण जरा थांबू. गावात देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत. आज तुमच्या शाळेला, उद्या आमच्या. शहरातल्या श्रोत्याने मात्र हार्लन पाहिलेलंही नव्हतं. त्याला खरं-खोटं पटवायला गाणं हे एक साधन होतं.

त्या पैशांनी संप जिंकला का? नाही. संप मोडला. मॉलीमावशी केंटकीत राहायला परतली नाही. १९६० साली ती कॅलिफोर्नियात वारली. पण १९३७ साली सिनेटच्या ला फॉलेट समितीने हार्लनमधल्या दहशतीची चौकशी केली, तेव्हा ते नाव देशाला नवं नव्हतं. त्यात या गाण्यांचाही वाटा होता, असं आम्हांला वाटतं. म्हणून अशा मैफिलीचा हिशेब मांडताना झोळीत पडलेले पैसे मोजावेतच, पण घरी जाताना किती जण त्या गावाचं नाव लक्षात ठेवून गेले, हेही विचारावं.