चांदमारीचा नियम आणि भरतीचा नियम

१/१४
कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली वाहतुकीस खुला झाला. महाडकडे जाणारा प्रवासी आजही वीर स्थानकावर उतरतो आणि सावित्रीच्या खोऱ्याकडे वळतो. महाड–पोलादपूरच्या आणि लगतच्या दापोली–खेडच्या गावांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या मुंबई फौजेला पिढ्यान्‌पिढ्या शिपाई पुरवले. त्यांत महार समाजातील शिपायांची संख्या मोठी होती. नेमबाज कोणाला म्हणावे, त्याची प्रत कशी ठरवावी आणि त्याच्या हाती कोणते काडतूस द्यावे, हे तीन प्रश्न या गावांच्या इतिहासात गुंतलेले आहेत. आजच्या पिस्तूल स्पर्धाही त्याच तीन प्रश्नांवर उभ्या आहेत.

२/१४
आरंभ ठासणीच्या बंदुकीपासून करावा लागतो. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत कंपनीच्या शिपायांकडे चकमकीच्या बंदुका होत्या. कागदी पुडी दाताने फाडायची, थोडी दारू रंजक म्हणून चकमकीपाशी घालायची, उरलेली नळीत ओतायची, वरून शिशाची गोळी सोडायची आणि गजाने ठासायची. सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. नळी आतून गुळगुळीत असल्याने गोळी नेमकी कोठे जाईल याची खात्री नसे. म्हणून कसोटी नेमाची नव्हती. बार भरण्याच्या वेगाची आणि रांगेत उभे राहण्याच्या धैर्याची होती. कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ या प्रत्ययाची अनेक नावे कोरलेली आहेत. ती या कसोटीला उतरलेल्या महार शिपायांची आहेत.

३/१४
नळीच्या आत पीळदार आटे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. हीच रायफल. १८५३ साली इंग्रजांनी एन्फिल्ड रायफल स्वीकारली आणि त्याच वर्षी इंग्लंडमधील हाइद येथे नेमबाजीची लष्करी शाळा काढली. शस्त्र अचूक झाल्यावर शिपायाची अचूकता मोजता येऊ लागली. मोजता येते त्याची प्रतवारी होते. चांदमारीचे मैदान तेव्हापासून एक प्रकारचे परीक्षागृह बनले.

४/१४
त्या काळच्या नियमांत तीन वर्ग होते. प्रत्येक शिपायाचा आरंभ तिसऱ्या वर्गात होई आणि निशाण सुमारे १५० ते ३०० यार्डांवर असे. ठरावीक गुण मिळाले तर दुसरा वर्ग, अंतर ४०० ते ६०० यार्ड. तेथेही उत्तीर्ण झाल्यास पहिला वर्ग, अंतर ६५० ते ९०० यार्ड. त्यापुढे उत्कृष्ट नेमबाजाचे मानचिन्ह. या नियमाचा एक गुण लक्षात घेण्याजोगा आहे. शिपाई कोणाच्या पोटी जन्मला, हा प्रश्न निशाण विचारत नाही. ते फक्त छिद्र कोठे पडले एवढेच सांगते.

५/१४
परंतु निशाणापाशी पोहोचण्यापूर्वीच एक निर्णय झालेला असे: शिपायाच्या हाती कोणती नळी द्यायची. १८५७ च्या उठावानंतर हिंदी पलटणींसाठी १८५८ च्या नमुन्याची वेगळी बंदूक बनवण्यात आली. बाहेरून ती एन्फिल्डसारखीच दिसे. पण तिची नळी आतून रुंद करून आटे काढून टाकलेले होते आणि अंतरानुसार वरखाली करता येणारी मागील माशीही काढून तेथे स्थिर माशी बसवली होती. गोऱ्या शिपायाच्या हाती रायफल, हिंदी शिपायाच्या हाती तिची आंधळी जुळी बहीण. अशा बंदुकीने दूरच्या निशाणावर गुण कोठून मिळणार? उणीव नळीची होती आणि नोंद शिपायाच्या नावावर होत होती.

६/१४
पुढची क्रांती काडतुसाने घडवली. १८६० च्या दशकात स्नायडर रायफल आली. ती मागच्या बाजूने भरली जाई, त्यामुळे गज आणि ठासणी इतिहासजमा झाली. तिच्यासाठी एडवर्ड बॉक्सर या अधिकाऱ्याने एकसंध काडतूस तयार केले. धातूचे कवच, त्यात दारू, पुढे गोळी आणि बुडाच्या मध्यभागी ठिणगी देणारी टोपी. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली उभा राहिला. आता दारूचे माप शिपायाच्या हातात उरले नाही; ते कारखान्यात ठरू लागले. प्रत्येक बार आधीच्या बारासारखा होऊ लागला आणि नेम सुधारण्याची खरी शक्यता निर्माण झाली.

७/१४
तरीही एका पिढीचे अंतर जाणीवपूर्वक राखले गेले. हिंदी पलटणींना स्नायडर मिळेपर्यंत गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री आलेली होती. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे इंग्रजी ब्रिगेडचा दारुण पराभव झाला. तेथे ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री, तर मुंबई फौजेच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या पलटणींकडे स्नायडर होती. जेकब्स रायफल्समध्ये पुरेसा सराव न झालेल्या नवख्या शिपायांचाही भरणा होता. पराभवाची कारणे अनेक होती: शत्रूचे संख्याबळ, तोफखाना, उन्हाचा ताप, चुकीची जागा. पण मुंबई फौजेच्या कीर्तीला लागलेला डाग पुसला गेला नाही.

८/१४
याच सुमारास दुसरी एक प्रतवारी बळावत होती. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले फ्रेडरिक रॉबर्ट्स हे ‘लढाऊ जातीं’च्या सिद्धान्ताचे खंदे पुरस्कर्ते होते. काही जाती जन्मतः लढवय्या आणि काही नाहीत, असा हा विचार. पंजाब, सरहद्द आणि नेपाळकडे भरतीचा ओघ वळला. १८९० च्या दशकाच्या आरंभी जातवार पलटणी बांधल्या जाऊ लागल्या आणि महारांची भरती बंद झाली. चांदमारीचा नियम विचारी, ‘गोळी कोठे लागली?’ भरतीचा नियम विचारू लागला, ‘जात कोणती?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी ठरले की पहिला विचारला जाण्याची वेळच येत नसे.

९/१४
या अन्यायाला पहिले संघटित उत्तर महाड परिसरातूनच मिळाले. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळील रावढळचे. हवालदार म्हणून १८८६ साली ते लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीला राहू लागले. ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्था त्यांनी उभारली. १८९४ साली त्यांनी लष्करभरती पुन्हा खुली करावी या मागणीचा अर्ज तयार केला. पुढच्याच वर्षी महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा काही उच्चवर्णीय सभासदांना त्यांच्याबरोबर बसणेही रुचले नाही. बंदूक हाताळलेल्या माणसाला खुर्चीसाठी झगडावे लागत होते.

१०/१४
भरती बंद होणे म्हणजे केवळ रोजगार जाणे नव्हते. पलटणीत शाळा होती, पगार होता, निवृत्तिवेतन होते, बढतीची शिडी होती. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडली गेली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लष्करी नोकरीने या समाजाला काय दिले आणि भरतीबंदीने काय हिरावले, याचा उल्लेख केला. दुसऱ्या दिवशी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले.

११/१४
अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. १९४६ मध्ये तिचे रूपांतर मशिनगन रेजिमेंटमध्ये झाले आणि एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशिनगन तिच्या चिन्हावर आल्या. एका शतकापूर्वी ज्यांच्या बंदुकीचे आटे काढून घेतले होते, त्यांच्या वारसांच्या टोपीवर आता त्या काळचे अत्यंत प्रभावी शस्त्र झळकत होते.

१२/१४
स्वातंत्र्यानंतर नेमबाजी नागरी खेळ म्हणून संघटित झाली. राष्ट्रीय रायफल असोसिएशन १९५१ साली स्थापन झाली. पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, अहमदाबादेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील नेते आणि पुढे लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची स्पर्धा आज राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता-पायरी आहे. किमान गुण मिळवा आणि वरच्या पायरीवर जा; हाइदच्या तीन वर्गांचेच हे नागरी रूप म्हणता येईल. ‘नामांकित नेमबाज’ हा दर्जाही गुणांवर मिळतो आणि परवान्यावर किती शस्त्रे व किती काडतुसे ठेवता येतील, हे अशा दर्जावर अवलंबून असते.

१३/१४
काडतुसाचा प्रश्नही संपलेला नाही. बॉक्सरच्या पद्धतीच्या टोपीचे कवच पुन्हा भरता येते. वापरलेली टोपी काढायची, फुगलेले कवच साच्यात दाबून मूळ मापावर आणायचे, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, गोळी रोवायची. अनेक देशांतील नेमबाज खर्च वाचवण्यासाठी आणि आपल्या पिस्तुलाला मानवणारे माप साधण्यासाठी हे घरी करतात. भारतात काडतूस तयार करण्यासही परवाना लागतो. शिवाय २५ मीटर महिला पिस्तुलात वापरले जाणारे .२२ चे काडतूस पुन्हा भरण्याजोगे नसते. त्याचे स्फोटक बुडाच्या कडेत असते आणि आघाताने ती कडच चेपते. म्हणजे सरावाची प्रत्येक गोळी विकतची. त्यामुळेच बहुतेकांचा आरंभ दारूविरहित ४.५ मि.मी. एअर पिस्तुलाने होतो आणि चाप न हलवता दाबण्याचा सराव तासन्‌तास रिकाम्या पिस्तुलाने केला जातो.

१४/१४
कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१३ मध्ये चांगवॉन येथे विश्वचषकाचे सुवर्ण जिंकले. पुढे कोपराच्या दुखापतीने तिला मागे खेचले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत ती आणि थायलंडची प्रतिस्पर्धी ३४ गुणांवर बरोबरीत आल्या. शूट-ऑफमध्ये राहीने सुवर्ण मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या क्षणी निशाणाने तिला एकच प्रश्न विचारला. निशाणाचा न्याय नेहमीच स्वच्छ असतो. इतिहासाने तपासायचे असते ते मैदानाचे फाटक. रावढळच्या हवालदाराने १८९४ साली अर्ज लिहिला, तो त्या फाटकासाठीच.